कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी

प्रश्न : आदरणीय बाई, मी सांगलीत बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहेत. घरच्यांना एका खासगी संस्थेचा डेटा सायन्सचा कोर्स पसंत आहे, पण त्यासाठी कर्ज काढावं लागेल. मला अर्थशास्त्राचीही ओढ आहे. साधं एम.एस्सी. केलं तर मी मागं पडेन का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : बाळा, सही एवढ्यात करू नकोस. आधी त्या कोर्सचा अभ्यासक्रम मागून घे. संभाव्यता, अनुमान (म्हणजे नमुन्यावरून सगळ्याबद्दल निष्कर्ष काढणं), नमुना निवड, रेषीय बीजगणित यांना किती तास दिलेत ते बघ. नुसती सॉफ्टवेअरची नावं असतील तर तो नाद सोड. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तुला सुटीत घरी बसून येईल, अनुमान तसं येत नाही.

वडिलांच्या वहीचंच बघ. तारीख, आवक किती पोती, भाव काय. हे आकडे रिग्रेशनला, म्हणजे आवक नि भाव यांचं नातं मोजणाऱ्या गणिताला, घातलेस की क्षणात उत्तर येईल. त्याचा अर्थ काय लावशील? आवक वाढली की भाव पडतो, हे खरं. पण भाव चढला की साठवलेला माल बाहेर निघतो, हेही खरंच. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद कशासाठी ठेवत होते? दोन्ही गोष्टी त्याच आकड्यांत मिसळलेल्या असतात. त्या सोडवायला असं काहीतरी लागतं, जे पुरवठा हलवतं पण गिऱ्हाइकाची गरज हलवत नाही. आदल्या हंगामातला पाऊस, समज. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये तेलांवरच्या जकातीबद्दल लिहिताना हीच गाठ सोडवली होती. पाऊसही डोळे झाकून घ्यायचा नाही. चांगल्या पावसानं लोकांच्या हातात पैसा आला तर मागणीही हलू शकते. हा विचार अर्थमितीत, म्हणजे अर्थशास्त्राला संख्याशास्त्र लावणाऱ्या विषयात, शिकवतात, आणि तुला अर्थशास्त्राची ओढ आहे म्हणतेस ती इथंच कामाला येईल.

दुसरं, आकडा जन्मतो कुठं ते बघ. यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या, नमुन्यानं तुकडा निवडून पीक किती येतं ते मोजणारी पीक कापणी आपल्या देशात रुजवणारे पां. वा. सुखात्मे खटाव तालुक्यातल्या बुधचे. मीही तरुणपणी त्याच तालुक्यात ज्वारीच्या कापणीला गेले होते. प्लॉट १० बाय ५ मीटरचा. जागा ठरवायला यादृच्छिक काढलेल्या आकड्यांनी नेमका बांधाकडचा, तणानं भरलेला कोपरा दाखवला. शेतकरी कळवळून म्हणाले, "बाई, हितं काय हाय? पल्याड कणसं बघा की." माझाही जीव तुटला, पण खुंट्या तिथंच ठोकल्या. चांगला तुकडा निवडला असता, तर त्या गावच्या पिकाचा उतारा कागदावर फुगला असता.

आता वाटा सांगते. शिवाजी विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग घराजवळ आहे, तो कमी लेखू नकोस. आयआयटीसाठी जॅम या प्रवेश परीक्षेचा गणितीय संख्याशास्त्राचा पेपर दे. दोन्ही विषय एकत्र हवे असतील तर भारतीय सांख्यिकी संस्थेचा संख्यात्मक अर्थशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम बघ. त्याची प्रवेश परीक्षा अवघड असते, तयारी आजपासून कर. पुण्यात १९३० पासूनची गोखले संस्था आहेच.

तोवर वडिलांजवळ बसून मागच्या पाच हंगामांची वही उतरवून घे. प्रत्येक भावाशेजारी तो हळकुंडाचा की गड्ड्याचा, तेही लिही.