होड्या का शाकारतात?

प्रिय मनू,

परवा व्हिडिओ कॉलवर आजीच्या मागे झापांनी, म्हणजे नारळाच्या विणलेल्या झावळ्यांनी, झाकलेल्या होड्या पाहून तू विचारलंस, "जुलैत इथे सगळे बोटीतून फिरतात, मग कोकणात हर्णैच्या होड्या बंद का? आणि आजी समुद्राला नारळ का देते?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

कोकणात पाऊस लागला की दर्या खवळतो. मग होड्या वर ओढून शाकारायच्या, म्हणजे झापांनी झाकून ठेवायच्या. पावसाळ्यात बरीचशी मासळी अंडीही घालते. आता 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस सरकारी बंदी असते; पण माझे बाबा कायद्याआधीही नारळी पौर्णिमेचीच वाट बघायचे. ते दोन महिने ते पडवीत बसून जाळं विणायचे. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, हातातली सुई सारखी आत-बाहेर. मी शेजारी बसून दोरा सोडवून द्यायचे. तो ओल्या दोऱ्याचा वास मला अजून आठवतो.

श्रावणातल्या पौर्णिमेला सगळी वस्ती किनाऱ्यावर येते. नारळाला सोनेरी कागद लावायचा, दर्याची पूजा करायची आणि नारळ पाण्यात सोडायचा. आजी हात जोडून म्हणते, "आमची माणसं सुखरूप घरी आण." तिचे वडील, भाऊ, नवरा, सगळे याच पाण्यावर मासेमारीला जायचे. दर्या तिला देवच आहे, आणि मलाही.

मासळी पुरुष आणतात, पण विकतात बायका. हर्णैच्या बंदरात लिलाव व्हायचा तेव्हा होड्या पाण्यातच उभ्या असायच्या आणि बैलगाड्या अर्धी चाकं बुडेपर्यंत आत शिरून टोपल्या काठावर आणायच्या. आजी पाटी पुढ्यात घेऊन भाव सांगायची. घरातला पैसाही तिच्याच हातात असायचा.

समोर पाण्यात दिसतो तो सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात कोळी आणि भंडारी खलाशी होते. किनाऱ्यावरच्या फत्तेगडावर तर आज कोळ्यांचीच घरं आहेत. किल्ला शोधायचा तर वस्तीतून चालावं लागतं.

राखी आणि नारळी पौर्णिमा एकाच दिवशी येतात. सकाळी दादाला राखी बांधून झाली की लगेच फोन लावू. तिकडे दुपार झालेली असेल, आजी किनाऱ्यावर निघाली असेल.

तुझी,
आई