जांभ्याचा ब्लॉक करताय? आधी हे बघून घे

लुआंटीत (ठोकळे रचून जग बांधायचा गेम, जुनं नाव माइनटेस्ट) आपल्या किल्ल्यासाठी ब्लॉक करायचा तर त्याच्या टेक्श्चरला, म्हणजे ब्लॉकवरच्या चित्राला, १६ बाय १६ पिक्सेलचं पीएनजी पुरे. ६४ चं केलंस तर शेजारच्या जुन्या ब्लॉकांत ते उपरं दिसतं.

बेळगावजवळच्या खानापूरकडचा जांभा समोर ठेव, पण फोटो लहान करून चिकटवू नकोस, नुसता चिखल होतो. पाच-सहा रंग पुरेत: दोन तांबूस, एक पिवळट, एक-दोन गडद तपकिरी, भोकांसाठी जवळजवळ काळा. काळा जपून वापर. एकच ठसठशीत भोक काढलंस की भिंतीवर त्याच ठिपक्यांची रांग उठते आणि दगडाऐवजी छापील चादर वाटते. भोकं लहान-मोठी, विखुरलेली हवीत. मग गिंपमध्ये (चित्रं करायचं सॉफ्टवेअर) ऑफसेट ८-८ देऊन, म्हणजे चित्र आडवं-उभं ८ पिक्सेल सरकवून, कडा मध्यावर आण. सांधा दिसला की तिथंच बुजव. बाजूच्या सावल्या रंगवू नकोस, त्या गेम स्वतः देतो.

फायलीचं नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मधे स्पेस नको, सुरुवातीला मॉडचं (गेमला जोडायच्या आपल्या भराचं) नाव. फायलीच्या आणि कोडमधल्या नावात अक्षर लहान-मोठं झालं, की टेक्श्चर गायब!

सहा बाजू वेगळ्या असतील तर कोडमध्ये चित्रांचा क्रम वर, खाली, उजवी, डावी, मागची, पुढची.

आणि एकदा का सगळ्यांनी तो ब्लॉक लावायला घेतला, की त्याचं कोडमधलं नाव बदलू नकोस. बुरूजच्या बुरूज 'अननोन नोड' (गेमला न ओळखू येणारे ब्लॉक) होतात. बदलायचंच असेल तर जुन्या नावाचा एलियस नोंदव, म्हणजे जुनं नाव नव्याकडे वळतं.