न्यू जर्सीत कुंडीतली भूत जोलोकिया (अतिशय तिखट मिरची) हिवाळ्यात घरात ठेवली तर जगेल का?

जगेल, नक्की जगेल, प्लीज फेकू नका. मिरची दरवर्षी नवीन लावायची सवय असते म्हणून ती एका सीझनचीच वाटते, पण मुळात ते अनेक वर्षं जगणारं झुडूप आहे, फक्त फ्रॉस्ट त्याला अजिबात सहन होत नाही. आणि भूत जोलोकिया तर वाचवायलाच हवी, कारण बी रुजायलाच दोन ते चार आठवडे लागतात, मग रोप बाहेर लावल्यावर मिरची लाल व्हायला अजून चारेक महिने, आपल्या इथला उन्हाळा त्याला जेमतेमच पुरतो. जुन्या मुळांचं झाड असेल तर पुढच्या वर्षी खूप लवकर मिरच्या येतात.

पण हिवाळाभर हॉलच्या खिडकीत हिरवंगार ठेवायचा विचार असेल, तर ते नका करू. डिसेंबरमध्ये ऊन कमी, हीटरची कोरडी हवा, झाड उजेडासाठी लांबच लांब वाढतं आणि त्यावर मावा आणि लाल कोळी (रस शोषणारे बारीक किडे) येतात, बाहेर लेडीबग आणि पाऊस त्यांना आवरतात तसं घरात कोणी नसतं. त्यापेक्षा हिवाळाभर त्याची वाढ थांबवून त्याला झोपू द्या. रात्री १० सेल्सिअसच्या खाली जायला लागल्या की आत घ्या, त्याआधी सगळ्या मिरच्या काढा (हिरव्यासुद्धा चांगल्याच जाळतात, ठेचा करा, पण ग्लोव्हज घालूनच, आणि हाताला लागलंच तर आधी तेल चोळून मग साबण). मग छाटणी. इथे हात आखडू नका, मुख्य खोड आणि त्याचा इंग्रजी Y सारखा फाटा एवढंच ठेवा, प्रत्येक फांदीवर दोन-तीन डोळे (कोंब फुटायच्या जागा) पुरे, पानं सगळी काढली तरी चालतं. मुळांची जुनी माती झटकून पाण्याने धुवा, बाहेरच्या मुळ्या थोड्या कापा आणि लहान कुंडीत नवीन पॉटिंग मिक्समध्ये (कुंडीसाठीची तयार माती) लावा. जुन्या मातीतून किड्यांची अंडी आत येतात म्हणून हे टाळू नका. खोडावर साबणाचं पाणी किंवा नीम ऑइल मारा.

ठेवायचं कुठे, तर बेसमेंटमध्ये, साधारण १० ते १५ डिग्री, थोडा उजेड असला तर छान. खत अजिबात नाही, पाणी माती बरीच सुकल्यावर घोटभरच, कारण हिवाळ्यात झाडं थंडीपेक्षा जास्त पाण्यानेच कुजतात. जानेवारीत ते वाळक्या काटकीसारखं दिसेल, तेव्हा नखाने साल जराशी खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत आहे.

मार्चमध्ये उबेत आणि ग्रो लाइटखाली (झाडं वाढवायचा दिवा) आणा, पाणी वाढवा, कोंब फुटले की खत सुरू करा. बाहेर मात्र मेच्या मध्यानंतरच, आणि पहिला आठवडाभर आधी सावलीत मग रोज थोडं थोडं ऊन, एकदम कडक उन्हात ठेवलंत तर कोवळी पानं पांढरी पडून जळतात.