पावसात टिकणारी लाकडी पाटी

प्रश्न : गुहागरजवळ आमचा छोटा होमस्टे आहे. आंब्याच्या बुंध्याची सालीसकट गोल चकती आणून त्यावर ॲक्रेलिक रंगात नाव लिहून घेतलं, वरून चकचकीत वॉर्निश. श्रावणापर्यंत वॉर्निशचे पोपडे निघाले, चकती तडकली आणि मागून बुरशी आली. आता सागाची फळी घेतेय, तर कुठला रंग मारू म्हणजे चार वर्षं बघायला नको?

ताई, रंगाचं नंतर बघू, आधी लाकूड. गोल चकती फोटोत छान दिसते पण ती तडकणारच, कारण लाकूड वाळताना गाभ्याच्या दिशेने जेवढं आकसतं त्याच्या साधारण दुप्पट ते वर्तुळाच्या दिशेने आकसतं, मग कुठेतरी चीर पडतेच. सालीखाली ओल राहते, किडे राहतात, आणि आंब्याचं लाकूड उघड्यावर टिकणारं नाहीच मुळी.

साग घेताय ते उत्तम, फक्त वखारीत नीट बघून घ्या, पांढरट कडेची फळीसुद्धा साग म्हणून गळ्यात मारतात आणि तो पांढरा भाग लवकर कुजतो. गाभ्याचीच फळी हवी, निदान इंचभर जाड. खरं तर तुमच्याकडे फणसही चांगला, आणि जवळपास कुणी जुनं घर पाडत असेल तर तिथला सागाचा एखादा वासा मिळवा, वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड असतं, फक्त रंधा मारण्याआधी खिळे शोधून काढायला लावा नाहीतर सुतार शिव्या घालेल. बजेट कमी असेल तर आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लायसुद्धा चालतं, कडा मात्र नीट बंद केल्या पाहिजेत.

आता पाणी कुठून शिरतं ते बघा. लोक दर्शनी बाजूला चार हात मारतात आणि मागची बाजू कोरी ठेवतात. पण पाणी सगळ्यात जास्त पितात ती फळीची आडवी कापलेली दोन टोकं, तिथे लाकडाच्या बारीक नळ्या उघड्या असतात. म्हणून टोकांना वुड प्रायमरचे दोन-तीन हात आधी द्या, मग सगळीकडून एक, आणि मागची बाजू पुढच्याइतकीच रंगवा, नाहीतर एक बाजू फुगते, दुसरी नाही आणि फळी वाकते. भिंतीची पांढरी पुट्टी लाकडावर अजिबात नको, पेंटर सोपं म्हणून लावून टाकतात आणि पहिल्या पावसात ती सुटते.

120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, प्रायमर, परत 220 ने हलका हात, मग ऑइल पेंटचे, म्हणजे एनॅमलचे, दोन पातळ हात आणि मध्ये एक दिवस सोडा. पारदर्शक वॉर्निशचा मोह मला पण समजतो, लाकडाच्या रेषा दिसतात, पण ऊन त्यातून आरपार जातं आणि खालच्या लाकडाचा वरचा थर खराब करतं, मग वॉर्निशला धरायलाच काही उरत नाही. तुमचे पोपडे त्यातलेच असणार. रंगीत पेंट ऊन अडवतो. झगझगीत लाल-पिवळे पटकन उडतात, गेरूच्या जातीचे मातकट रंग आणि पांढरा टिकतो. गेरू रंगावर पांढरी अक्षरं, बस.

लावताना चिऱ्याच्या भिंतीला चिकटवू नका, मागे बोटभर फट ठेवा म्हणजे वारा खेळेल. वरची कड उतरती करा, जमलं तर वर दोन कौलांचं छप्पर, त्याने रंगापेक्षा जास्त फरक पडतो. साधा लोखंडी स्क्रू नको, गंजतो आणि सागावर काळे ओघळ येतात. समुद्र जवळ आहे तर 316 ग्रेडचं स्टेनलेस मागा.

आणि चार वर्षं बघायचंच नाही असं कोकणात होत नाही हो. दर मे महिन्यात साबणाच्या पाण्याने पुसा, जिथे रंग फुटलाय तिथे लगेच टचअप करा. नवीन पाटी मात्र दिवाळीनंतरच रंगवायला घ्या, लाकूड कोरडं असताना.

प्रश्न : पुण्यात कॅफे काढतोय. लाकडी बोर्डवर फक्त इंग्रजी नाव चालेल ना, डिझाइन तसंच केलंय.

नाही चालणार. दुकाने आणि आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान ठेवता येत नाहीत. डिझायनरला आत्ताच सांगा, नंतर कोपऱ्यात कोंबलेलं मराठी फार केविलवाणं दिसतं.

प्रश्न : रस्त्यावरून दिसायला अक्षरं किती मोठी हवीत?

पेंटर लोकांचा ढोबळ हिशोब, दहा फुटांना एक इंच. पन्नास फुटांवरून वाचायचं तर पाच इंच, आणि हे शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत. वेलांट्या, मात्रा वर जातात, उकार खाली, त्यांची जागा वेगळी सोडा, नाहीतर दोन ओळी एकमेकींत अडकतात. ताशी 40 ने येणारी गाडी सेकंदाला 11 मीटर पुढे जाते, त्यामुळे हमरस्त्यावरच्या पाटीवर नाव आणि बाण एवढंच लिहा, फोन नंबर आणि ‘घरगुती जेवण मिळेल’ गेटवरच्या पाटीवर.