तुझं सात मिनिटांचं गाणं

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलाय, मी सकाळी चहा घेताना वाचला. सात मिनिटं दहा सेकंदांचं गाणं, मध्ये दोनदा चाल बदलते, ध्रुवपद नाहीच, आणि ज्यांना ज्यांना ऐकवलंस ते सगळे म्हणतायत साडेतीन मिनिटांचं कर, पहिल्या पंधरा सेकंदात काहीतरी पकडणारं आण नाहीतर लोक पुढे स्क्रोल करतील. आणि तू विचारतोयस, "काका, कापू का?" आज मी याचं हो-नाही उत्तर देणार नाहीये. कारण मेसेजच्या शेवटी तू लिहिलंयस की क्वीनने (इंग्लंडचा तो चौघांचा रॉक बँड) पण सहा मिनिटांचं गाणं काढलंच होतं ना. काढलं होतं. पण ते कसं काढलं हे तुला नीट माहीत असावं असं मला मनापासून वाटतं, कारण बोहेमियन रॅप्सडी या त्या गाण्याचं नाव पुढे करून हट्ट धरणारी पोरं मी स्टुडिओत तीसेक वर्षं बघितली, आणि त्या गाण्यासाठी त्या चौघांनी काय केलं होतं हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक होतं.

आधी हे लक्षात घे की ते गाणं लांबलं म्हणून लांब नाहीये. 5 मिनिटं 55 सेकंद, आणि त्यात आधी नुसत्या आवाजांची सुरुवात, मग पियानोवरचं शांत गाणं, मग गिटारचा सोलो, मग ऑपेरा, म्हणजे पाश्चात्य संगीतनाटकासारखं अनेक आवाजांचं गाणं, मग दणदणीत रॉक, आणि शेवटी परत सगळं खाली येऊन ड्रमर रॉजर टेलरने हलकेच वाजवलेली ती झांजेसारखी मोठी थाळी. ध्रुवपद कुठेच नाही. आपल्याकडे तमाशाच्या फडात बसलेल्या माणसाला हे नवीन वाटू नये, गण झाला की गवळण येते, मग बतावणी, मग वग, आणि कोणी विचारत नाही की गण परत का नाही आला, कारण प्रत्येक भाग पुढच्यासाठी जागा करून देत जातो. तुझ्या गाण्यात दुसरा भाग तिसऱ्यासाठी जागा करतो का? मी तुझा डेमो तीनदा ऐकला आणि मला खरं सांगायचं तर तसं वाटलं नाही. दुसरा भाग संपतो आणि तिसरा सुरू होतो एवढंच होतं. याच्यावर पुढे बोलतो.

क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरीच्या डोक्यात हे गाणं बरीच वर्षं होतं, त्याचे लंडनचे कॉलेजच्या काळातले मित्र सांगतात की त्यातले तुकडे तो तेव्हापासून पियानोवर वाजवायचा. आणि त्याच्याही आधी पाचगणी आहे, हे तुला माहीत असेलच, पण मला ते दरवेळी परत सांगावंसं वाटतं. झांझिबारमध्ये 1946 साली जन्मलेला फारोख बलसारा, पारशी घरातला, आठ वर्षांचा असताना आईवडिलांनी बोटीने इकडे पाठवला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत हॉस्टेलला ठेवला. पियानो तो तिथे शिकला, शाळेच्या कॉयरमध्ये गायला, तिथेच पाच पोरांचा हेक्टिक्स नावाचा बँड झाला आणि त्यात हा पियानोवर असायचा. फ्रेडी हे नावही शाळेतल्या मित्रांनीच पाडलं. एवढ्या लहान वयात घरापासून समुद्रापलीकडे राहिलेल्या पोराने पुढे एका गाण्यात सारखी आईला हाक मारावी यावर लोकांनी खूप काय काय लिहिलंय, मी त्यात जात नाही, कारण त्याने स्वतः त्या गाण्याचा अर्थ कधीच कोणाला फोडून सांगितला नाही आणि बाकीचे तिघेही त्याच्यामागे तो मान राखत आले. तूही तुझ्या गाण्याखाली पोस्टमध्ये परिच्छेदभर अर्थ लिहू नकोस एवढं मात्र सांगतो. ऐकणाऱ्याला त्याचा त्याचा अर्थ लावू दे.

तर मुद्दा. प्रोड्युसर रॉय थॉमस बेकर सांगायचा ती गोष्ट अशी की फ्रेडीने त्याला आपल्या घरी पियानोवर पहिला भाग वाजवून दाखवला, मध्येच थांबला आणि म्हणाला इथे ऑपेरा येणार, आणि मग दोघं जेवायला बाहेर गेले. ऑपेरा अजून एक अक्षरही रेकॉर्ड झालेला नव्हता. पण तो कुठे येणार, त्याच्या आधी काय असणार आणि नंतर काय, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. गिटारवाला ब्रायन मे पण सांगतो की फ्रेडी कागदाच्या चिठोऱ्यांवर स्वर लिहून आणायचा आणि पियानोवर ठोकून प्रत्येकाला तुझा आवाज हा, तुझा हा, असं वाटून द्यायचा. 2023 मध्ये लंडनला त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला त्यात या गाण्याचे हाताने लिहिलेले कच्चे कागद निघाले, एका विमान कंपनीच्या स्टेशनरीवर, पंधरा पानं, खाडाखोड केलेली, आणि एका ठिकाणी नावात बोहेमियनच्या आधी मंगोलियन लिहून खोडलेलं. ती पानं सुमारे 13 लाख 80 हजार पौंडांना गेली. किंमत सोड, मला त्या खाडाखोडीचं जास्त कौतुक आहे. तुझ्याकडे तुझ्या गाण्याचा असा एक तरी कागद आहे का?

रेकॉर्डिंग 1975 च्या ऑगस्टच्या शेवटी वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत सुरू झालं, शेतावरचा स्टुडिओ तो, आजूबाजूला गाईगुरं. आधी पियानो, बेस आणि ड्रम्सचा पाया घातला आणि ऑपेऱ्यासाठी टेपवर रिकामी जागा सोडली. ती जागा थोडीशीच ठरली होती पण फ्रेडी रोज येऊन अजून एक 'गॅलिलिओ'ची हाक घालू म्हणायचा आणि ती वाढत गेली. आता तू लॅपटॉपवर काम करतोस, तुला दोनशे ट्रॅक हवे असतील तर दोनशे मिळतात, म्हणून हे नीट समजून घे. त्यांच्याकडे 24 ट्रॅकची टेप होती, म्हणजे चोवीसच वेगवेगळ्या पट्ट्यांवर आवाज साठवता यायचा. त्यात पियानो, बेस, ड्रम्स, गिटार गेले की आवाजांना किती उरणार? म्हणून फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर तिघं मिळून एक ओळ गायचे, मग तीच ओळ परत, मग परत, मग ते सगळे ट्रॅक एकत्र करून एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे, रिकाम्या झालेल्या ट्रॅकवर पुढची हार्मनी, म्हणजे त्याच ओळीला वेगळ्या स्वरातली जोड, मग परत एकत्र करायचं. एकदा एकत्र केलं की परत वेगळं करता येत नाही, चूक झाली तर मुळापासून गा. रॉजर सगळ्यात वरच्या पट्टीत, ब्रायन खाली, फ्रेडी मध्ये भक्कम. जॉन डीकन यात गायलाच नाही, तो बेस वाजवून गप्प बसला, आणि हे पण शिकण्यासारखं आहे. दिवसाला दहा-बारा तास नुसतं गाणं, असे जवळजवळ तीन आठवडे, आणि ओव्हरडब, म्हणजे आधीच्यावर चढवलेले आवाज, मोजले तर 180 च्या घरात गेले असं सांगतात. टेप मशीनच्या हेडवरून इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा ऑक्साइडचा थर घासून गेला आणि उजेडासमोर धरली तर आरपार दिसायला लागली.

मी स्वतः टेपवर काम केलंय रे. झिजलेली टेप हातात आली की पोटात गोळा येतो, कारण अजून एकदा फिरवली तर वरचे स्वर उडतील आणि नाही फिरवली तर काम अर्धवट. तशा अवस्थेत अजून एक हार्मनी घालू म्हणणाऱ्या गायकाला हो म्हणणारा बेकर आणि त्याचा इंजिनियर माइक स्टोन, या दोघांपुढे मी हात जोडतो. आणि हे सगळं करताना बँडची हालत काय होती माहितीये का, आधीचं एक गाणं इंग्लंडात दोन नंबरला जाऊनही हातात पैसा नव्हता, जुन्या मॅनेजमेंटशी भांडून त्याच वर्षी मोकळे झालेले, आणि हा अल्बम पडला असता तर बँड राहिला असता की नाही शंकाच होती. अशा वेळी सुरक्षित खेळावं असं कोणालाही वाटेल. त्यांनी केलं ते उलटं, पण पूर्ण तयारीनिशी.

मग कंपनीचं म्हणणं आलं, तेच जे तुला आज सगळे सांगतायत. इतकं मोठं गाणं रेडिओवाले वाजवणार नाहीत, कापा. बँड हटला नाही. कॅपिटल रेडिओचा केनी एव्हरेट म्हणून डीजे होता, फ्रेडीचा मित्र, त्याच्याकडे एक प्रत गेली आणि वाजवायची नाही अशी अट. त्याने वीकेंडला आधी तुकडे आणि मग पूर्ण गाणं असं दोन दिवसांत चौदा वेळा वाजवलं, सोमवारी लोक दुकानात जाऊन विचारायला लागले आणि रेकॉर्ड अजून आलीच नव्हती. 31 ऑक्टोबर 1975 ला सिंगल (या गाण्याची छोटी रेकॉर्ड) आलं, नोव्हेंबरच्या शेवटी इंग्लंडात एक नंबर आणि सलग नऊ आठवडे तिथेच. समीक्षकांत मतं फुटलेली होती, काहींना ते पोकळ भपका वाटलं, पण लोकांनी ठरवून टाकलं होतं.

व्हिडिओची गोष्ट थोडक्यात सांगतो. टूरवर असल्यामुळे टीव्हीवर जाऊन ओठ हलवणं जमणार नव्हतं, आणि ऑपेऱ्याला चौघांनी उभं राहून ओठ हलवले तर ते वाईट दिसलं असतं, म्हणून 10 नोव्हेंबरला एल्स्ट्री स्टुडिओत ब्रूस गोवर्सने काही तासांत शूट उरकलं, साडेचार हजार पौंडांच्या आत-बाहेर खर्च. चेहऱ्यांच्या लांब रांगा दिसतात ना, ते मॉनिटरकडे कॅमेरा रोखून केलंय. आणि अंधारातले ते चार चेहरे त्यांच्याच 1974 च्या अल्बमच्या कव्हरवरून घेतलेले. तुला रील्ससाठी ड्रोन भाड्याने घ्यायचाय असं मागच्या वेळी म्हणालास म्हणून सांगितलं.

आता एक गोष्ट जी तुला आवडणार नाही पण ऐक. त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला रॉजरने लिहिलेलं त्याच्या गाडीवरच्या प्रेमाचं गाणं होतं. लोकांनी रेकॉर्ड घेतली ती पुढच्या बाजूसाठी, पण विकल्या गेलेल्या प्रत्येक रेकॉर्डमागे दोन्ही बाजूंच्या लेखकाला सारखीच रॉयल्टी, त्यामुळे रॉजरलाही फ्रेडीइतकेच पैसे मिळाले. यावरून बँडमध्ये बरीच वर्षं कुरबुर होती, ब्रायनने हे उघड सांगितलंय. शेवटी 1989 च्या अल्बमपासून त्यांनी ठरवलं की गाणं कोणीही लिहो, नाव क्वीनचं. आमचा चौघांचा ग्रुप एका जिंगलच्या पैशावरून फुटला, रक्कम सांगितली तर तुला खरं वाटणार नाही, आणि त्यातल्या एकाशी मी आजही बोलत नाही, त्याचं मला रोज वाईट वाटतं. तुम्ही चौघं एका खोलीत बसून कोणाला किती हे कागदावर लिहा, सह्या करा, आणि हे गाणं रिलीज व्हायच्या आधी करा. ड्रमरलाही धर त्यात, त्याने तुझ्या तिसऱ्या भागाची चाल बदलून दिलीये हे मला डेमोत ऐकू आलं.

स्टेजचंही बोलून टाकतो. क्वीनने ऑपेऱ्याचा भाग कधी लाइव्ह गायलाच नाही, तो आला की चौघं आत जायचे, टेप चालायची, आणि रॉक सुरू झाला की परत बाहेर. 1985 च्या जुलैत लंडनच्या वेम्बलीला लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या कार्यक्रमात त्यांना वीसेक मिनिटं मिळाली तर त्यांनी या गाण्याचा फक्त पहिला भाग घेतला आणि तिथून सरळ पुढच्या गाण्यात गेले. म्हणजे बघ, रेकॉर्डवर एक सेकंद कापू न देणाऱ्या माणसांनी स्टेजवर स्वतःच्या हाताने कापलं, कारण कुठे काय चालतं हे त्यांना कळत होतं. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या शोला तुला बारा मिनिटं आहेत आणि तू त्यातली सात या गाण्याला देणार म्हणतोयस. देऊ नकोस. पहिला भाग गा आणि थांब.

24 नोव्हेंबर 1991 ला फ्रेडी एड्सने गेला. वय फक्त 45. त्यानंतर महिन्याच्या आत हे गाणं परत काढलं, त्याचे पैसे एड्सवर काम करणाऱ्या संस्थेला दिले, आणि ते परत एक नंबरला जाऊन पाच आठवडे राहिलं, सोळा वर्षांनी दुसऱ्यांदा ख्रिसमसला पहिलं. दुसऱ्याच वर्षी एका अमेरिकन सिनेमात पोरं गाडीत बसून या गाण्यावर माना हलवतात तो सीन आला आणि 1976 मध्ये अमेरिकेत नवव्या नंबरवर थांबलेलं गाणं यावेळी दुसऱ्या नंबरवर गेलं. मी ते पहिल्यांदा मित्राच्या घासलेल्या कॅसेटवर ऐकलं होतं, ऑपेऱ्यात तिघांचे आवाज डावीकडून उजवीकडे पळतात ते त्या एका स्पीकरच्या टेपरेकॉर्डरवर कळलंच नाही, खूप वर्षांनी स्टुडिओत मोठ्या स्पीकरवर लावलं तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि मी तीन वेळा परत मागे नेऊन ऐकलं.

तर शनिवारी सहानंतर ये. लॅपटॉप आणू नकोस, पेन ड्राइव्हही नको. माझ्याकडे पेटी आहे आणि जुना पियानो आहे, त्यातलं काय हवं ते घे आणि सगळं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने म्हणून दाखव, जिथे गिटार येणार तिथे तोंडाने सांग इथे गिटार येणार, जिथे कोरस तिथे कोरस. दुसऱ्या भागातून तिसऱ्यात जाताना तुझा हात अडखळतो का ते मला बघायचंय. नाही अडखळला तर सातची सात मिनिटं ठेवू आणि मिक्सला मी स्वतः बसेन.

तुझा
काका

ता. क. ड्रमरलाही आण, आणि तो सह्यांचा कागद.