भरताचा वास

प्रश्न : ताई, आम्ही अमळनेर तालुक्यातले. मालकांना जबड्याचा कॅन्सर, चौथी स्टेज. पंधरा दिवसांपूर्वी मुंबईला ऑपरेशन झालं, अर्धा जबडा आणि मानेच्या गाठी काढल्या. नाकातून नळी आहे. आता नाशिकला शेक (रेडिएशन) सुरू होतील. त्यांना वास जाऊ नये म्हणून यंदा हिवाळा असून घरात वांगं भाजलं नाही. मी मागीलदारी उभ्या उभ्या भाकरी गिळते. ते पाटीवर एवढंच लिहितात, 'झालं माझं.' धीर कसा देऊ?

उत्तर : मागीलदारी जेवणं आधी थांबवा. २०१४ साली आमच्या यांचं हेच ऑपरेशन झालं, तेव्हा मी शेजारणीकडे जाऊन जेवायची. एकदा यांनी वहीत लिहिलं, 'लसणाचा वास येतोय. काय खाल्लं?' मी म्हटलं, काही नाही. त्याखाली लिहिलं, 'भरीत. मिरची कमी पडली का?' दुसऱ्या दिवशी यांच्यासमोर वांगी भाजली. घरात आपल्याला चुकवून चूल पेटते, हे त्यांना जास्त लागलं होतं. शेकाच्या दिवसांत मळमळ असेल तर भाजू नका, पण विचारून ठरवा.

नळीचं काम त्यांच्याच हाती द्या. पेज, वरण, ताक कापडातून गाळून, कोमट. सिस्टरनं मला दाखवलं होतं : सिरिंजचा दट्ट्या काढायचा, ती कपाळाच्या उंचीला धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं. ढकलायचं नाही. शेवटी पाणी सोडायचं, नाहीतर नळी चोंदते. मग अर्धा तास बसूनच राहायचं. हे सिरिंज धरून बसले की मी समोर ताट घ्यायची. दोघांचं एकदमच आटपायचं.

धीराचे शब्द मलाही कधी सुचले नाहीत. कापूस घरात भरलेला असेल ना? कधी विकायचा, ते त्यांना विचारा.

भेटायला येणारे 'कितला वाळी गया रे भाऊ' म्हणतील, वर तंबाखूचा विषय काढतील. त्यांना ओट्यावरच चहा पाजून वाटेला लावा. तंबाखूचं तुम्हीही बोलू नका. रात्रभर ते स्वतःशी तेच बोलत असतात.

शेकाआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवलंत का? किडका दात आधीच काढावा लागतो, नंतर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. तोंड उघडायचा व्यायाम डॉक्टर सांगतील तेव्हापासून रोज, कंटाळले तरी. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सूट. दवाखान्यातून फॉर्म भरून घ्या.

किती दिवस, हे तुम्ही विचारलं नाहीत. डॉक्टरांना विचाराल तेव्हा मालकांसमोर विचारा, बाहेर कोपऱ्यात नको. आमचे हे त्यानंतर साडेचार वर्षं होते. तुमचंही तसंच होईल, असं मी लिहिणार नाही.

आणि पाटी काढून घ्या, वही द्या. पाटीवरचं पुसलं जातं. माझ्याकडे सात वह्या आहेत. एकीत तर नुसते कापसाचे भाव आणि माझ्या वरणाला ठेवलेली नावं.