सलोख्याचं काम सुरू करताय? आधी एवढंच करा

वस्तीत सलोखा समिती काढायची म्हणताय, फार बरं वाटलं. फक्त सर्वधर्म परिषदेने सुरुवात करू नका. मंचावर पंडित, मौलवी, पाद्री येतात, फोटो निघतात आणि गल्लीत काहीच बदलत नाही. नव्या मंडळींची हीच चूक सर्वात जास्त होते.

भिवंडीचं उदाहरण बघा. तिथे १९७० आणि १९८४ला मोठ्या दंगली झाल्या. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. साधी हिंदू-मुसलमान माणसं पोलिसांसोबत नियमित बसू लागली, ओळखी झाल्या. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

तुम्ही आत्ता एवढंच धरा:

- बैठक दर महिन्याला, ठरलेल्या दिवशी. तणाव नसताना तर नक्कीच. भडका उडाल्यावर अनोळखी माणसाचं कोणी ऐकत नाही.
- विषय पाणी, कचरा, शाळेचे. धर्मचर्चेची घाई नको.
- बायका आणि तरुण पहिल्या दिवसापासून हवेत.

गणपती आणि ईद जवळ आले की मिरवणुकीच्या मार्गाबद्दल दोन्हीकडच्या मंडळींशी आणि पोलीस ठाण्याशी आधीच बोलून ठेवा. अफवा कशा हाताळायच्या, ते दोन-तीन बैठका झाल्यावर विचारा. नक्की सांगेन.